क्रोशाच्या सुईची दोन घराणी

बारामती-इंदापूरकडच्या रुखवतात क्रोशाचं तोरण आणि ताटावरचा रुमाल मानाने मांडलेला असायचा. पांढरं बारीक सूत आणि पोलादी सुई, तीही इतकी नाजूक की तिची आकडी दिसायला डोळे बारीक करावे लागत. आज क्रोशा शिकायचा म्हणून दुकानात गेलं, तर पुढ्यात जाड अ‍ॅल्युमिनियमची सुई आणि लोकरीचे गुंडे येतात. दोन्हींचा टाका एकच, कुळं मात्र निराळी.

बारीक सुईचं मूळ अनेक अभ्यासक पूर्वेकडे शोधतात. कच्छचे मोची कारागीर चामडं शिवायच्या आरीनेच कापडावर साखळी टाका भरत. अशी आकडीची भरतकला 18व्या शतकात युरोपात रुजली. तिथे ती गोल चौकटीवर ताणलेल्या कापडावर होई. पुढे खालचं कापडच सुटलं आणि नुसत्या धाग्याची साखळी गुंफली जाऊ लागली. 1820च्या दशकात ‘पेनेलोपे’ या डच मासिकाने क्रोशाचे नमुने छापले. 1845पासूनच्या भीषण दुष्काळात आयर्लंडमधल्या कितीतरी बायकांनी या सुईने लेस विणून घरं जगवली. मिशनऱ्यांनी हीच लेस आंध्रातल्या नरसापूर भागात शिकवली आणि तिथे ती आजही बायकांच्या हातची कमाई आहे. रुखवतातल्या सुताची चमकही कारखान्यातली: इंग्रज रसायनतज्ज्ञ जॉन मर्सरने 1844मध्ये सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया शोधली, आणि सूत ताणून धरून ती केली की झळाळी येते हे नंतर कळलं.

जाड सुई मेंढपाळांच्या घरातली. स्कॉटलंडच्या एलिझाबेथ ग्रँट यांच्या आठवणींत 1812 सालच्या ‘मेंढपाळी विणकामा’चा उल्लेख आहे; आकडीने विणलेले लोकरीचे कपडे ते. मग मेंढरांच्या आपल्या मुलखात हे का घडलं नाही? मला याचं उत्तर लोकरीतच दिसतं. दख्खनी मेंढीची लोकर आखूड, राठ आणि केसाळ. बोटांवरून अलगद सरकेल असा मऊ, एकसारखा धागा तिचा होत नाही. तिला हवा माग आणि चिंचोक्याची खळ. मग तिची घोंगडी होते, आणि तिच्याइतकं पावसाला टिकणारं पांघरूण शोधून सापडणार नाही. क्रोशासाठी आपण ‘लोकर’ म्हणून घेतो ती बहुतेक वेळा मेंढीची नसतेच, गिरणीतली अ‍ॅक्रिलिक असते. त्यात कमीपणा नाही. ती स्वस्त आहे, धुतली तरी चालते आणि उसवून पुन्हा विणता येते.

म्हणून शिकणाऱ्याने सुरुवात मेंढपाळांच्या घराण्यातून करावी. आजीची पोलादी सुई जपून ठेवा, पण पहिल्या दिवशी हातात घेऊ नका. बारीक सुतात टाका चुकला तर कुठे चुकला तेच कळत नाही. मध्यम जाडीची, फिक्या रंगाची, तंतू न सुटणारी लोकर आणि 4 मिलिमीटरची सुई घ्या. काळा रंग नकोच. सोबत कात्री, धाग्याची टोकं आत ओवायला बोथट टोकाची मोठी सुई आणि मोजपट्टी असली की झालं; महागडा संच घेऊ नका. साखळी आणि खांब हे टाके एकसारखे पडू लागले की सुताकडे वळा. तिथे क्रमांक उलटे चालतात हे लक्षात असू द्या: सुताचा आकडा जितका मोठा तितकं सूत बारीक, आणि पोलादी सुईचंही तसंच.