जहाजांवरील औपचारिक पोशाख

जहाजांवरील औपचारिक पोशाख म्हणजे प्रवासी, व्यापारी आणि नौदलाच्या जहाजांवर ठरावीक प्रसंगी, विशेषतः सायंकाळच्या भोजनाच्या वेळी, पाळावयाचे वेशविषयक नियम व संकेत होत. जहाजावर काम करणाऱ्यांसाठी हे नियम गणवेशाच्या रूपाने बंधनकारक असतात. प्रवाशांसाठी ते कंपनीने जाहीर केलेल्या सूचनांच्या स्वरूपात असतात. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने पुरुषांच्या पोशाखाचा विचार केला आहे.

या संकेतांचा उगम युरोपीय असला, तरी त्यांच्या घडणीत हिंदुस्थानच्या सागरी मार्गाचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्राशी त्यांचा संबंध दोन प्रकारे येतो. मुंबई हे इंग्लंडला जाणाऱ्या टपाल बोटींचे प्रमुख बंदर होते, हा पहिला. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेल्या मावळ तालुक्यात नौदलाच्या व व्यापारी जहाजांच्या अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण चालते, हा दुसरा. जहाजावरील वेशाचा रिवाज येथील विद्यार्थी समुद्रावर जाण्यापूर्वीच शिकतात.

संज्ञांचा उगम

या विषयातील काही शब्द पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलेले आहेत. सायंकालीन पोशाखात पोटावर बांधल्या जाणाऱ्या चुणीदार रेशमी पट्ट्याचे इंग्रजी नाव ‘कमरबंद’ या फारसी शब्दावरून आले. हिंदुस्थानातील उकाड्यात जाकिटाऐवजी सोयीचा म्हणून ब्रिटिश अधिकाऱ्यांनी हा पट्टा स्वीकारला आणि पुढे तो युरोप-अमेरिकेच्या औपचारिक वेशाचा भाग झाला. ‘पायजमा’ हा शब्दही फारसीतून हिंदुस्थानी भाषांत आला. इंग्रजीत मात्र त्याला रात्री झोपताना घालावयाच्या कपड्यांचा अर्थ चिकटला. खलाशी व कारागीर यांच्या जाड सुती कामाच्या कपड्यांना ‘डंगरी’ म्हणतात. हा शब्द मुंबईतील डोंगरी भागाशी जोडला जातो.

इतिहास

टपाल बोटींचा काळ

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबई-इंग्लंड प्रवास काही आठवड्यांवर आला आणि पी. अँड ओ. कंपनीच्या बोटी या मार्गावरील सामाजिक जीवनाचे केंद्र बनल्या. पहिल्या वर्गाच्या भोजनगृहात रात्री वेश बदलून बसण्याची प्रथा होती. सामान उघडलेले नसते किंवा बांधून झालेले असते, म्हणून प्रवासाच्या पहिल्या व शेवटच्या रात्री तीतून सूट असे.

आरंभी या वेशाचा अर्थ मागे शेपटासारखा लांब असलेला टेलकोट असा होता. १८६५ च्या सुमारास प्रिन्स ऑफ वेल्स (नंतरचे राजे सातवे एडवर्ड) यांनी लंडनच्या हेन्री पूल या पेढीकडून आखूड कोट शिवून घेतला. डिनर जॅकेटचा आरंभ येथून झाला असे मानले जाते. अमेरिकेत त्याला न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्क या वस्तीवरून ‘टक्सिडो’ हे नाव मिळाले. तांबड्या समुद्रातील उष्मा लोकरीच्या कोटात असह्य होई. त्यामुळे नौदल अधिकाऱ्यांत कोटाशिवायचा सायंकालीन वेश रूढ झाला. उघड्या गळ्याचा अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, काळी विजार आणि कमरपट्टा अशा या वेशाला आजही ‘रेड सी रिग’ असेच म्हणतात.

भारतीय प्रवासी

या संकेतांपुढे भारतीय प्रवाशाची स्थिती अवघड असे. कोणता वेश घालावा, या प्रश्नाच्या पोटी आपण कोण म्हणून ओळखले जावे, हा प्रश्न दडलेला असे. मोहनदास करमचंद गांधी ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून ‘क्लाइड’ या बोटीने इंग्लंडला निघाले. बोटीवर त्यांनी काळा सूट वापरला आणि मित्रांनी दिलेला पांढरा फ्लॅनेलचा सूट उतरतेवेळी घालण्यासाठी राखून ठेवला. सप्टेंबरअखेर ते किनाऱ्यावर उतरले, तेव्हा तसे पांढरे कपडे घातलेले आपण एकटेच आहोत, हे त्यांच्या ध्यानात आले. हा प्रसंग त्यांनी आत्मचरित्रात नोंदविला आहे. काटे-चमचे वापरण्याचा सराव नसल्याने बोटीवर ते बहुतेक आपल्या खोलीतच जेवत.

पुढील काळात दोन परस्परविरुद्ध भूमिका दिसतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेसाठी ऑक्टोबर १९३० मध्ये मुंबईहून ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ या बोटीने गेले. चांगली वस्त्रे वापरण्यावर ज्या समाजावर रूढीने बंधने घातली होती, त्याच्या नेत्याने नीटनेटका पाश्चात्त्य सूट वापरणे हा समतेचा उच्चार होता, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९३१ मध्ये, गांधीजी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी ‘राजपुताना’ या बोटीने निघाले. १९२१ पासून स्वीकारलेला पंचा व चादर हाच त्यांचा बोटीवरील वेश होता. दोन्ही बोटी पी. अँड ओ. कंपनीच्याच होत्या. एकाच कंपनीच्या बोटींवर वर्षभराच्या अंतराने एका नेत्याने सूट आणि दुसऱ्याने पंचा वापरला आणि दोघांनीही आपला वेश विचारपूर्वक निवडला होता.

खलाशी व सेवकवर्ग

या बोटींवरील कामगारांत कोकण व गुजरातच्या किनाऱ्यावरील खलाशी मोठ्या संख्येने असत. निळा सुती अंगरखा, कमरेला बांधलेला रुमाल आणि टोपी असा डेकवरील खलाशांचा वेश होता. भोजनगृहातील वाढपी बहुधा गोव्याचे असत व त्यांना पांढरा कोट असे. बोटींवरील नोकरीच्या शोधात आलेल्या गोवेकरांची मुंबईतील ‘कूड’ ही सामूहिक निवासस्थाने प्रसिद्ध आहेत. कमरेचा पट्टा वरच्या मजल्यावर शिष्टाचाराची खूण होता आणि डेकवर श्रमाच्या वेशाचा भाग होता.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून कोकण व गोव्याकडे जाणाऱ्या किनारी बोटींवर असा कोणताही पोशाखसंकेत नव्हता. सर्वसामान्य मराठी माणसाचा बोटप्रवास धोतर, लुगडे, वळकटी आणि फराळाचा डबा यांसह उघड्या डेकवर होई.

पोशाखाच्या श्रेणी

सायंकालीन पोशाखाच्या पुढील श्रेणी सर्वसाधारणपणे मानल्या जातात.

व्हाइट टाय: काळा टेलकोट, पांढरे जाकीट व पांढरा बो-टाय. ही सर्वोच्च श्रेणी असून जहाजांवर ती आता क्वचितच आढळते.

ब्लॅक टाय: डिनर जॅकेट, काळा बो-टाय आणि कमरपट्टा किंवा जाकीट. उष्ण प्रदेशात व समुद्रावर पांढरे किंवा मोतिया रंगाचे जॅकेट चालते.

मेस ड्रेस: सैन्यदलांतील अधिकाऱ्यांचा भोजनप्रसंगीचा आखूड कोटाचा गणवेश. त्यावर पदकांच्या लघुप्रतिकृती लावतात.

लाउंज सूट: साधा गडद सूट व टाय.

राष्ट्रीय पोशाख: भारतात बंद गळ्याचा कोट किंवा अचकन. सरकारी निमंत्रणपत्रिकांवर ‘लाउंज सूट किंवा राष्ट्रीय पोशाख’ असा पर्याय दिलेला असतो.

पुरुषांसाठी प्रमुख संकेत

काळ्या डिनर जॅकेटची कॉलर रेशमी कापडाने मढविलेली असते व विजारीच्या बाहेरच्या शिवणीवर तशाच कापडाची एक पट्टी असते. या विजारीवर चामडी पट्टा वापरत नाहीत. कमरपट्टा आणि जाकीट एकाच वेळी घालत नाहीत. कमरपट्टा बांधताना त्याच्या चुण्यांची तोंडे वरच्या बाजूस ठेवतात. बो-टाय हाताने बांधलेला असावा, असा आग्रह जुन्या रिवाजात आहे. बूट काळे व चकचकीत असतात. बसताना कोटाची गुंडी काढावी आणि उभे राहिल्यावर पुन्हा लावावी. बंद गळ्याच्या कोटाच्या सर्व गुंड्या, गळ्याच्या गुंडीसह, लावलेल्या असणे अपेक्षित असते.

नौदलाच्या वॉर्डरूममध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांच्या भोजन व विश्रांतीच्या दालनात, प्रवेश करताना टोपी काढतात. औपचारिक भोजनात सर्वांत शेवटी राष्ट्रप्रमुखांच्या नावे पेयपात्र उंचावले जाते. ब्रिटिश नौदलात हा मान बसूनच देण्याची प्रथा आहे. जुन्या लाकडी जहाजांचे छत ठेंगणे असल्याने उभे राहणाऱ्याचे डोके आपटे, असे तिचे पारंपरिक स्पष्टीकरण दिले जाते.

भारतीय नौदल आणि लोणावळा

लोणावळ्याजवळील आयएनएस शिवाजी हे भारतीय नौदलाचे सागरी अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्र आहे. ते १५ फेब्रुवारी १९४५ रोजी तत्कालीन रॉयल इंडियन नेव्हीत ‘एचएमआयएस शिवाजी’ या नावाने कार्यान्वित झाले. नौदलाच्या परंपरेनुसार जमिनीवरील अशा केंद्रालाही जहाजाचाच दर्जा असतो आणि जहाजावरील रिवाज तेथेही लागू होतात. दिवसा यंत्रशाळेत कामाचा वेश आणि औपचारिक रात्री मेस ड्रेस असे दोन्ही प्रशिक्षणाचे भाग असतात. १३ फेब्रुवारी २०२० रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते या केंद्राला राष्ट्रपती ध्वज प्रदान करण्यात आला.

स्वातंत्र्यानंतरही नौदलाच्या वेशाचा साचा बऱ्याच अंशी ब्रिटिश राहिला. अलीकडे त्यात बदल होत आहेत. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे स्वीकारलेल्या नव्या नौदल ध्वजावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेपासून स्फूर्ती घेतलेला अष्टकोन आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी सिंधुदुर्ग येथे झालेल्या नौदल दिनाच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी केलेल्या घोषणेनंतर, त्याच महिन्यात ॲडमिरल श्रेणीच्या अधिकाऱ्यांच्या खांद्यावरील पट्ट्यांवरही हा अष्टकोन आला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वॉर्डरूम, अधिकाऱ्यांची भोजनगृहे आणि नाविकांच्या संस्थांमध्ये कुर्ता-पायजमा, बिनबाह्यांचे जाकीट व औपचारिक बूट किंवा सँडल घालण्यास अनुमती देण्यात आली. कुर्ता एकरंगी व गुडघ्याच्या किंचित वरपर्यंत असावा, बाह्यांना गुंड्या किंवा कफलिंक असाव्यात, असे तपशीलही ठरविण्यात आले. इंग्रजीत रात्रपोशाखाचा अर्थ लाभलेला पायजमा अशा रीतीने अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात अधिकृतपणे मान्य झाला.

मावळातील व्यापारी नौकानयन शिक्षण

मावळ तालुक्यात तळेगाव दाभाडेजवळील इंदुरी येथे तोलानी मेरिटाइम इन्स्टिट्यूट आणि लोणावळ्याच्या परिसरात टाकवे खुर्द येथे समुंद्रा इन्स्टिट्यूट ऑफ मेरिटाइम स्टडीज या संस्था व्यापारी जहाजांसाठी अभियंते व अधिकारी घडवितात. ग्रामीण व निमशहरी भागांतून आलेल्या अनेक विद्यार्थ्यांचा खांद्यावरील पट्टे, टाय आणि काटा-चमचा यांच्याशी पहिला परिचय अशा संस्थांतच होतो.

व्यापारी जहाजांवर पदाची ओळख खांद्यावरील सोनेरी पट्ट्यांवरून होते. कप्तान व मुख्य अभियंता या दोघांनाही चार पट्टे असतात. अभियंत्यांच्या पट्ट्यांमध्ये जांभळा रंग असतो. यंत्रखोलीत घातलेल्या बॉयलर सूटवर अधिकाऱ्यांच्या मुख्य भोजनगृहात जाण्यास सहसा मनाई असते. कामावर असलेल्यांना कपडे न बदलता जेवता यावे, म्हणून अनेक जहाजांवर ‘ड्युटी मेस’ ही वेगळी खोली असते. तेल व वंगण यांच्यापासून भोजनाची जागा स्वच्छ राखणे, हा या नियमामागील व्यावहारिक हेतू आहे.

पर्यटन जहाजे

विमानप्रवास रूढ झाल्यावर प्रवासी बोटींचे रूपांतर पर्यटन जहाजांत झाले आणि औपचारिक भोजन हा आकर्षणाचा भाग बनला. क्युनार्ड कंपनीच्या जहाजांवर ठरावीक रात्री ब्लॅक टाय पोशाख अपेक्षित असतो. त्याला पर्याय म्हणून गडद सूट किंवा औपचारिक राष्ट्रीय पोशाख मान्य असतो. त्यामुळे भारतीय प्रवाशाला बंद गळ्याचा कोट किंवा अचकन निःसंकोचपणे वापरता येते. औपचारिक वेश न केलेल्या प्रवाशांसाठी काही उपाहारगृहे खुली ठेवलेली असतात. याउलट नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० च्या सुमारास सक्तीच्या औपचारिक रात्री बंद करून मोकळ्या वेशाचे धोरण स्वीकारले. मुंबईहून कॉर्डेलिया क्रूझेस या कंपनीची पर्यटन जहाजसेवा २०२१ मध्ये सुरू झाली. प्रत्येक कंपनीचे, आणि काही वेळा प्रत्येक सफरीचे, नियम वेगळे असल्याने प्रवासापूर्वी ते पाहून घेणे इष्ट ठरते.

प्रचलित गैरसमज

मराठीतही रुळलेला ‘पॉश’ हा शब्द पी. अँड ओ. कंपनीच्या तिकिटांवरील आद्याक्षरांपासून तयार झाला, असे सांगितले जाते. हिंदुस्थानकडे जाताना जहाजाच्या डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची खोली उन्हापासून बचावाची असे, म्हणून श्रीमंत प्रवासी तशी मागणी करीत, असा या कथेचा आशय आहे. तथापि असा शिक्का असलेले एकही तिकीट आढळलेले नसून भाषाभ्यासक ही व्युत्पत्ती मान्य करीत नाहीत.

१९१२ मध्ये ‘टायटॅनिक’वर मृत्यू पावलेल्या अभियंत्यांच्या स्मरणार्थ अभियंत्यांना जांभळा रंग देण्यात आला, ही समजूतही बरोबर नाही. ब्रिटिश नौदलात अभियंत्यांसाठी हा रंग एकोणिसाव्या शतकापासूनच वापरात होता.

मतभेद

अशा संकेतांमुळे भोजनाला गांभीर्य येते, पदे सहज ओळखता येतात आणि महिनोन्‌महिने बंदिस्त जागेत राहणाऱ्यांच्या दिनक्रमाला शिस्त लाभते, असे त्यांचे समर्थक मानतात. औपचारिकतेची व्याख्या एका संस्कृतीच्या वेशावरून ठरविणे अन्यायाचे आहे आणि महाग पोशाखाची अट सामान्य कुटुंबातून आलेल्यास संकोचात टाकते, असा आक्षेप घेतला जातो. भारतीय नौदलातील २०२४ चा निर्णय आणि पर्यटन कंपन्यांनी राष्ट्रीय पोशाखाला दिलेली मान्यता यांमुळे हा वाद काही प्रमाणात निवळला आहे. वेश कोणत्या देशाचा आहे यापेक्षा तो प्रसंगाला साजेसा, स्वच्छ व नीटनेटका आहे की नाही, हा निकष आता अधिक महत्त्वाचा ठरू लागला आहे.

हे सुद्धा पहा

भारतीय नौदल
आयएनएस शिवाजी
मावळ तालुका
लोणावळा
अचकन