जुन्या स्पीकरमधला क्रॉसओव्हर : फेकण्याआधी मोजा

१/ १९९१च्या उदारीकरणापूर्वी परदेशी स्पीकर मिळवणे महाग आणि परवान्यांत अडकलेले होते. त्यामुळे अनेक हौशी मंडळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून, प्लायवुडच्या पेटीत स्पीकर घरीच जुळवीत. त्या पेटीतला सर्वांत दुर्लक्षित पुरावा म्हणजे क्रॉसओव्हर.

२/ त्याचे काम विभागणीचे: खर्ज वूफरकडे, तार स्वर ट्वीटरकडे. ८ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडला, की विभागणी सुमारे ४,२०० हर्ट्झवर होते. हा आकडा म्हणजे जुळवणाऱ्याचा निर्णय. त्याची लेखी नोंद बहुधा नसतेच.

३/ काळ सर्व भागांना सारखा झिजवत नाही. तांब्याची कॉइल सहसा दशकानुदशके टिकते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मात्र आतून सुकतो. त्याची क्षमता ढळते, अंतर्गत रोध वाढतो. अलिबागजवळच्या नागावसारख्या गावात खारी हवा जोडण्याही गंजवते.

४/ म्हणून आधी छायाचित्र व जोडणीचे रेखाटन करावे. मग कपॅसिटरचे एक टोक सोडवून एलसीआर मीटरने क्षमता व रोध मोजावा. मंडलात असताना मोजमाप फसवते. डाव्या-उजव्या पेटीतली मूल्ये ताडून पाहावीत. बिघडलेला भाग तेवढाच बदलावा. नव्या फिल्म कपॅसिटरचा रोध कमी असतो. मूळ नाद राखण्यासाठी कधी सोबत लहान रेझिस्टर लागतो.

५/ जीर्णोद्धारात जुने लाकूडकाम गेले, की मंदिर उरते, इतिहास जातो. इथेही तेच. काढलेल्या कपॅसिटरवर तारीख व मोजलेले मूल्य लिहून तो त्याच पेटीत ठेवावा.