तंतुवाद्याची तार : उष्णता संस्करण व मिश्रधातू

सतार, तंबोरा इत्यादी वाद्यांवर ताणून बसविण्यासाठी साच्याच्या छिद्रातून ओढून बारीक केलेली धातूची तार. मिरजेत 1850 च्या सुमारास ही वाद्ये बनविण्यास सुरुवात करणारे फरीदसाहेब शिकलगार समाजातले, म्हणजे मुळात शस्त्रांना धार लावणाऱ्यांच्या परंपरेतले होत (पाहा : मिरज, शिकलगार).

पोलादी तारेत साधारण 0.8 ते 0.95 टक्के कार्बन असतो. ती सुमारे 900° से.पर्यंत तापवून 500–550° से. तापमानाच्या वितळलेल्या शिशातून नेतात. इंग्लंडमध्ये जेम्स हॉर्सफॉल यांनी 1854 मध्ये या रीतीचे पेटंट घेतले. तीमुळे लोह व लोह कार्बाइड यांचे अतिसूक्ष्म थर एकाआड एक तयार होतात (पाहा : पर्लाइट). नंतर थंड स्थितीत ओढल्यावर बारीक तारेचे ताणबल 2,000 मेगापास्कलच्या पुढे जाते. हीच तार पुन्हा लाल होईपर्यंत तापवून सावकाश निववली, तर मऊ पडते व सुराचा ताण पेलत नाही (पाहा : अनुशीतन).

खर्जाची तार बहुधा पितळेची किंवा काशाची असते. तांब्यात मिसळलेले जस्ताचे वा कथिलाचे अणू वेगळ्या आकारमानाचे असल्याने स्फटिकजालकातील विस्थापनांची (अणूंच्या मांडणीतील रेषीय दोषांची) सरक अडते व तार बळकट होते. कथिलाचा अणू अधिक मोठा असल्याने त्याचे अल्प प्रमाणही पुरते (पाहा : मिश्रधातू).