सूत, इंच आणि मिलिमीटर : बोल्टच्या आट्यांचा इतिहास

यंत्र बांधताना किंवा दुरुस्त करताना बोल्टची निवड तीन गोष्टींवर ठरते : त्याची जाडी, त्याचा धातू आणि त्याचे आटे, म्हणजे दांड्यावर गोल फिरत वर चढणारी खाच. जाडी मोजता येते आणि धातू पारखता येतो. परंतु आटे जुळले नाहीत, तर उत्तम पोलादाचा बोल्टही निरुपयोगी ठरतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये हीच अडचण सार्वत्रिक होती. लंडनच्या हेन्री मॉडस्ले यांनी लेथवर अचूक आटे कापण्याची रीत सिद्ध केली होती, तरी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असल्याने एका ठिकाणच्या बोल्टला दुसरीकडची चाकी बसत नसे आणि किरकोळ दुरुस्तीसाठीही मूळ कारखान्यावर अवलंबून राहावे लागे.

मॉडस्ले यांच्याकडे काम केलेले जोसेफ व्हिटवर्थ १८३३ पासून मँचेस्टरमध्ये स्वतःचा कारखाना चालवत होते. त्यांनी अनेक कारखान्यांतले बोल्ट जमवून त्यांची मापे घेतली आणि त्यांच्या सरासरीवरून एकच मालिका ठरवून ती १८४१ मध्ये स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडली. तिच्यात आट्यांचा कोन ५५ अंश असून शिखर आणि पायथा गोलसर होते. पाव इंची बोल्टला दर इंचात २०, अर्ध्या इंचीला १२ आणि एक इंचीला ८ आटे असा क्रम होता. प्रचलित मापांच्या मध्यावरच ही मालिका बेतलेली असल्याने तिचा स्वीकार करताना कोणत्याही कारखान्याला आपली रीत फार बदलावी लागणार नव्हती, आणि तिच्या यशाचे मोठे कारण हेच होते.

आट्यांच्या जाडेपणामागे धातूचाही विचार होता. त्या काळी बोल्ट बहुधा घडीव लोखंडाचे असत आणि यंत्रांची अंगे बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असत. बीड ठिसूळ असल्याने त्यात कापलेले बारीक आटे सहज तुटतात, जाड आटे मात्र टिकतात. पुढे चांगले पोलाद स्वस्त झाले आणि मोटारींसारखी सतत थरथरणारी यंत्रे आली, तेव्हा बारीक आट्यांच्या मालिका रूढ झाल्या. कारण त्याच जाडीच्या बोल्टमध्ये बारीक आट्यांखाली गाभा अधिक उरतो आणि बोल्ट सहसा सैल पडत नाही. बिडाच्या भोकासाठी जाड आटे घेण्याचा नियम आजही पाळला जातो.

अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये फिलाडेल्फियात ६० अंशांची आणि सपाट शिखरांची मालिका सुचवली. गोल शिखर अचूक घडवणे कठीण होते, तर समभुज त्रिकोणाचा हा कोन साध्या अवजारांनीही साधत असे. १८९८ मध्ये झुरिच येथे युरोपच्या मेट्रिक मालिकेसाठीही ६० अंशच निश्चित झाले.

मुंबईत व्हिटवर्थचे आटे आगगाडी आणि कापडगिरण्यांबरोबर आले. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाला, १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कापडगिरणी स्थापन केली, आणि पुढच्या गिरण्यांची बरीचशी यंत्रे व्हिटवर्थ यांच्याच लँकेशायर परगण्यातून येत राहिली. कामगारांनी ही परकी मापे आपल्या बोलीत सामावून घेतली : इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, त्यामुळे तीन अष्टमांश इंची बोल्ट ‘तीन सुती’ झाला. व्हिटवर्थच्या पान्यावर जबड्याच्या रुंदीऐवजी बोल्टची जाडी कोरलेली असे, ही खूणही त्यांना ठाऊक असावी लागे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी सुटे भाग परस्परांना बसत नसल्याने मोठी अडचण झाली, आणि १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी ६० अंशांची एकत्रित इंच मालिका मान्य केली. भारताने मात्र १९५६ च्या वजन-मापविषयक कायद्याने मेट्रिक पद्धतीची वाट धरली. कायदा बदलला तरी जुनी यंत्रे चालूच होती. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला भोकात आटे पाडणारे टॅप आणि दांड्यावर आटे पाडणाऱ्या डाय यांचे दोन-दोन संच बाळगावे लागले. अर्धा इंची व्हिटवर्थ चाकीत १२ मिलिमीटरचा बोल्ट एकदोन फेरे फिरून अडतो, कारण पहिलीच्या दोन आट्यांतले अंतर सुमारे २.१२ मिलिमीटर, तर दुसऱ्याचे १.७५ मिलिमीटर असते. तो बळाने आवळल्यास दोहोंचे आटे नासतात.

पाण्याच्या नळजोडणीत व्हिटवर्थचा ५५ अंशांचा कोन अजूनही टिकून आहे आणि आंतरराष्ट्रीय मानकांनीही तो स्वीकारला आहे. भिंतीत गाडलेले नळ एकाच वेळी बदलता येत नाहीत आणि प्रत्येक नव्या तुकड्याला जुन्याशी जुळावेच लागते. म्हणूनच मिलिमीटरमध्ये मोजणाऱ्या देशातही आज अर्धा इंची तोटी मागितली जाते आणि ती दुकानात मिळते.