खगोलशास्त्रीय सॉफ्टवेअरमधील दिनांक व वेळेची नोंद

भारतात १ जानेवारी २००० रोजी पहाटे ५ वाजता घेतलेल्या ताऱ्याच्या छायाचित्राची समन्वित विश्ववेळेनुसार (यूटीसी) नोंद ३१ डिसेंबर १९९९, रात्री ११ वाजून ३० मिनिटे अशी होते. क्षण एकच असला तरी दिवस, महिना आणि वर्षही बदलते. त्यामुळे खगोलशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये वेळ कोणत्या पद्धतीने नोंदवली आहे, याला निरीक्षणाइतकेच महत्त्व असते.

ज्युलियन दिनांक

गणितासाठी सॉफ्टवेअर दिनांकाचे रूपांतर दिवसांच्या सलग संख्येत करते. या संख्येस ज्युलियन दिनांक म्हणतात. जोसेफ स्कॅलिजर यांनी १५८३ मध्ये मांडलेल्या कालचक्रावर आधारित ही गणना इसवी सनपूर्व ४७१३ मधील १ जानेवारीच्या मध्यान्हापासून सुरू होते. वरील छायाचित्राचा ज्युलियन दिनांक २४५१५४४.४७९२ असा येतो. ही संख्या मोठी असल्याने तिच्यातून २४०००००.५ वजा करून सुधारित ज्युलियन दिनांक वापरण्याची पद्धत १९५७ मध्ये रूढ झाली.

भारतीय ज्योतिर्गणितातील ‘अहर्गण’ ही अशीच सलग दिनगणना आहे. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी सोळाव्या शतकात रचलेल्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथात ११ वर्षांची चक्रे योजून अहर्गणाचा आकडा लहान ठेवला होता.

दिनदर्शिकेतील अडचणी

ग्रेगोरियन दिनदर्शिका लागू झाली तेव्हा ४ ऑक्टोबर १५८२ नंतरचा दिवस १५ ऑक्टोबर मानण्यात आला. त्यापूर्वीच्या तारखांसाठी काही प्रणाली ज्युलियन दिनदर्शिका वापरतात, तर काही ग्रेगोरियन पद्धतच मागे नेतात. प्राचीन ग्रहणांच्या अभ्यासात यामुळे अनेक दिवसांची तफावत पडू शकते. तसेच इतिहासकार शून्य वर्ष मानत नाहीत; खगोलशास्त्रज्ञांच्या गणनेत मात्र इसवी सनपूर्व १ हे शून्य वर्ष असते.

लीप सेकंद

पृथ्वीच्या परिवलनाशी घड्याळे जुळवून ठेवण्यासाठी १९७२ ते २०१६ या काळात विश्ववेळेत २७ लीप सेकंद मिळवण्यात आले. ग्रहगणितासाठी वापरली जाणारी पार्थिव वेळ (टीटी) त्यामुळे २०१७ पासून विश्ववेळेच्या ६९.१८४ सेकंद पुढे आहे. दुर्बीण रोखताना या दोन वेळांची गल्लत झाल्यास विषुववृत्तानजीकचा तारा सुमारे १७ कलांनी, म्हणजे चंद्रबिंबाच्या निम्म्याहून अधिक अंतराने चुकतो. विश्ववेळ आणि परिवलन यांतील अनुज्ञेय फरकाची मर्यादा २०३५ पर्यंत वाढवण्याचा निर्णय वजने व मापे यांच्या सर्वसाधारण परिषदेने २०२२ मध्ये घेतला.

नोंदीचे प्रमाणित स्वरूप

खगोलीय प्रतिमांसाठीच्या ‘फिट्स’ या संगणकीय स्वरूपात पूर्वी दिवस, महिना व वर्षाचे शेवटचे दोनच अंक नोंदवले जात. शतक ओळखता यावे म्हणून १९९७ मध्ये प्रथम चार अंकी वर्ष, नंतर महिना, दिवस व वेळ असा क्रम स्वीकारण्यात आला. मात्र ही वेळ विश्ववेळ आहे की पार्थिव, याचा उल्लेख नसल्यास नोंद अपुरीच राहते.