सर्जापूर रस्त्यावरील नवी जहागीर

बंगळूर शहराच्या आग्नेयेस आगरा, बेळ्ळंदूर, दोड्डकन्नेल्ली आणि दोम्मसंद्र अशी गावे मागे टाकीत जाणारा मार्ग ज्या सर्जापूरच्या नावाने ओळखला जातो, ते गाव एके काळी भोवतालच्या खेड्यांसह जहागिरीचे ठाणे होते. जहागीरदाराने मुलखाचा वसूल खावा आणि धन्याच्या स्वारीस शिबंदीनिशी हजर व्हावे, असा तेथील शिरस्ता असून, गावच्या मागांवरील तलम मलमलीस कंपनी सरकारच्या अमदानीत मोठी मागणी होती. मराठी वाचकास हा मुलूख परका नाही. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांकडे आले, तेही जहागीर म्हणूनच. पुढे अर्धशतकाच्या आत व्यंकोजीराजांनी ते म्हैसूरकर चिक्कदेवरायास तीन लाखांस देण्याचा सौदा चालविला असता मोगल सरदार कासिमखान शहर बळकावून बसला. भोगवटा एकाचा आणि स्वामित्व दुसऱ्याचे, ही जहागिरीची रीत. याच रस्त्यावर अलीकडे रुजू लागलेल्या एका विद्येचा, म्हणजे दुसऱ्याचा क्वांटम संगणक दुरून भाड्याने चालविण्याचा, पूर्वेतिहास चाळताना ती मला वारंवार आठवते.

दोड्डकन्नेल्लीस विप्रोचे मुख्यालय आहे. पण या कंपनीचा जन्म खानदेशात, अमळनेर येथे, डिसेंबर १९४५ मध्ये झाला. मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ या नावाने वनस्पती तुपाचा कारखाना काढला, आणि १९६६ साली त्यांच्या निधनानंतर एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी परदेशातील शिक्षण सोडून त्या गादीवर आले. १९७८ मध्ये आयबीएमने येथील बिऱ्हाड आवरले तेव्हा पडलेल्या पोकळीत जे देशी व्यापारी शिरले, त्यांत हे तूपवाले होते. त्यांनी बंगळुरास संगणकाचा धंदा आरंभिला. त्याच कंपनीने २०२१ साली तेल अवीव विद्यापीठाशी क्वांटम विज्ञानाच्या संशोधनाचा करार करावा, हा प्रवास अमळनेरच्या जुन्या भागधारकांस खचितच नवलाचा वाटला असेल.

परक्या यंत्रावर आपले गणित करून आणणे मात्र आपणांस नवे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा ठिकठिकाणचे संशोधक छिद्रित कार्डांचे गठ्ठे घेऊन कुलाब्याची वाट धरीत आणि आपली पाळी येईतो तिष्ठत राहत. १९८५ साली बंगळुरास आलेल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने तेथील कचेरी उपग्रहमार्गे परदेशाशी जोडली, आणि माणसाने यंत्रापाशी असलेच पाहिजे ही अट सुटली. उलट, अमेरिकेने महासंगणक देण्यात आडकाठी केल्यावर पुण्यास सी-डॅक स्थापन होऊन विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ सिद्ध झाला. जहागीर मिळत नाही म्हणून वतन उभारल्याचे इतके चोख उदाहरण आपल्या अर्वाचीन इतिहासात विरळा.

क्वांटम संगणकाची प्रकृती अशी नाजूक की तो घरोघरी नांदणे असंभव. अतिवाहक धातूचे त्याचे क्यूबिट, म्हणजे माहिती धरणारे मूलघटक, निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या शतांशाइतक्या तपमानात ठेवावे लागतात; किंचित उष्णतेने वा विद्युच्चुंबकीय क्षोभाने त्यांची अवस्था विस्कटते, म्हणून एकच गणित सहस्रावधी वेळा करून उत्तरांची वारंवारता पाहावी लागते. अशा यंत्रास वेगळी वास्तू आणि वेगळे चाकर हवेत. मे २०१६ मध्ये आयबीएमने न्यूयॉर्क राज्यातील यॉर्कटाउन हाइट्स येथील आपले पाच क्यूबिटचे यंत्र इंटरनेटवरून सर्वांस खुले केले आणि अमेझॉन, मायक्रोसॉफ्टही पुढे त्या वाटेने गेले, त्याचे कारण औदार्यापेक्षा ही अडचण अधिक असावी, असे मला वाटते.

या भाड्याच्या विद्येने विज्ञानास काय दिले? २०१८ साली ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या भौतिकशास्त्रज्ञांनी आयबीएम आणि रिगेटी या दोन कंपन्यांची यंत्रे दुरूनच चालवून ड्यूटेरॉनची, म्हणजे एक प्रोटॉन व एक न्यूट्रॉन मिळून झालेल्या अणुकेंद्रकाची, बंधनऊर्जा काही टक्क्यांच्या चुकीने काढली. उत्तर आधीच ठाऊक होते. पण अणुकेंद्रकाचे गणित दूरस्थ यंत्रावर करता येते, हे प्रथमच दिसले. उद्योगांची कथा इतकी सरळ नाही. औषधांचे रेणू, मालवाहतुकीचे मार्ग, गुंतवणुकीची वाटणी, या सर्वांवर प्रयोग झाले, परंतु नित्याच्या व्यवहारात साध्या संगणकास निर्विवादपणे मागे टाकल्याचा दाखला अद्याप नाही. २०२३ साली आयबीएमने १२७ क्यूबिटवर जे गणित गाजविले, तेही काही आठवड्यांतच इतरांनी साध्या संगणकांवर करून दाखविले. या क्षेत्रातील जाहिराती वाचताना हा प्रसंग विसरू नये.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय क्वांटम अभियानास मंजुरी देऊन सहा हजार कोटींहून अधिक रक्कम त्यासाठी राखून ठेवली. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच कुलाब्याच्या संस्थेत सहा क्यूबिटच्या यंत्राची कसोटी झाली: क्यूबिट संस्थेने घडविले, नियंत्रणाची उपकरणे संरक्षण संशोधन खात्याच्या पुण्यातील प्रयोगशाळेने जुळविली, आणि दुरून काम सोपविण्याची क्लाउडची बाजू टाटा कन्सल्टन्सीने सांभाळली. पुढच्याच वर्षी बंगळूरच्या क्यूपीएआय कंपनीने पंचवीस क्यूबिटचे यंत्र जाहीर केले. तथापि अशा यंत्रास लागणारी थंडी ज्या हेलियम-३ वायूवाचून साधत नाही, तो मुख्यत्वे अमेरिका व रशिया यांच्या ट्रिटियमच्या साठ्यांतून निघतो, तेव्हा यंत्र आपल्या मालकीचे झाले तरी त्याच्या गारव्याची सनद अजून परदरबारातूनच आणावी लागते.