मगनवाडीतील संवाद आणि दांपत्याचा स्वभाव

वर्धा शहराला लागून असलेल्या सावंगी (मेघे) येथे 1990 साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि त्याच्या रुग्णालयाला आचार्य विनोबा भावे यांचे नाव देण्यात आले. स्त्रीरोग आणि मनोविकार यांचे विभाग असलेल्या या संस्थेने आजन्म ब्रह्मचारी राहिलेल्या विचारवंताचे नाव धारण करावे, हे वर्धा परिसराच्या इतिहासाशी सुसंगतच आहे. कारण पतीपत्नींचे लैंगिक स्वास्थ्य, म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे तर इच्छा, संमती, तृप्ती आणि त्याविषयी निर्भयपणे बोलता येण्याची मोकळीक, यासंबंधीचा एक मूलभूत वाद डिसेंबर 1935 मध्ये वर्ध्यात, गांधीजींच्या तेव्हाच्या निवासस्थानी, मगनवाडीतच झडला.

अखिल भारतीय महिला परिषदेच्या निमंत्रणावरून भारतात आलेल्या मार्गारेट सँगर या अमेरिकी संततिनियमन-प्रचारक महात्मा गांधींना तेथे भेटल्या. संततिनियमनाची साधने वापरावीत की नाही, हा वरवरचा प्रश्न होता. खरा मतभेद मनुष्यस्वभावाविषयी होता. पतीपत्नींतील शरीरसंबंध प्रेमाला पोसतो, अशी सँगर यांची भूमिका होती, तर संततीची इच्छा नसताना केलेला समागम ही वासनाच होय आणि स्त्रीने पतीला नकार देण्यास शिकावे, असे गांधीजींचे म्हणणे होते. ऋतुचक्रातील सुरक्षित दिवस पाळण्याची पद्धत त्यांना साधनांइतकी आक्षेपार्ह वाटली नाही, एवढाच काय तो त्या चर्चेत मिळालेला मध्यबिंदू. महादेव देसाई यांनी या संवादाचा वृत्तांत पुढे ‘हरिजन’मध्ये प्रसिद्ध केला.

गांधीजींची ही भूमिका त्यांच्या आयुष्यापासून वेगळी काढून समजत नाही. तेराव्या वर्षी विवाह झालेला हा मुलगा संशयी आणि मत्सरी पती होता, पत्नीने कोठे जावे याची परवानगी आपल्याकडे असावी असा त्याचा हट्ट होता, आणि वडिलांच्या अंतकाळी आपण पत्नीजवळ होतो ही खंत त्याला आयुष्यभर सलत राहिली; हे सारे त्यांनी स्वतःच आत्मकथेत विलक्षण प्रामाणिकपणे नोंदवले आहे. तीव्र आसक्ती, तितकीच तीव्र अपराधभावना आणि स्वतःवर ताबा मिळवण्याची अचाट जिद्द, अशा घडणीच्या माणसाला 1906 मध्ये घेतलेल्या ब्रह्मचर्यव्रतात मुक्ती सापडली, यात नवल नाही. परंतु एका स्वभावाला लागू पडलेले औषध साऱ्या दांपत्यांना नेमून द्यावे, हे मात्र मान्य करणे कठीण आहे. व्रताचा विचार मनात पक्का होईपर्यंत त्यांनी पत्नी कस्तुरबांशी त्याविषयी चर्चा केली नव्हती. व्रत घेताना विचारले तेव्हा कस्तुरबांची हरकत नव्हती, एवढेच आत्मकथा सांगते. कस्तुरबांचा स्वभाव आणि त्यांची इच्छा या कथेत पतीच्या शब्दांतूनच येतात, आणि त्यांच्या स्वतःच्या शब्दांचा हा अभाव इतिहासकाराने गंभीरपणे घ्यायला हवा.

मगनवाडीतील संवादाच्या याच काळात मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे वेगळ्या वाटेने चालले होते. 1921 मध्ये संततिनियमनाचे केंद्र आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणाऱ्या कर्व्यांनी स्त्रीलाही कामेच्छा आणि तृप्तीचा हक्क असतो, हे मराठीत निःसंकोच मांडले. या कामात पत्नी मालतीबाई त्यांच्या सहकारी होत्या. मासिकातील वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे विशेष मोलाची आहेत, कारण तेथे सर्वांसाठी एक नियम सांगण्याऐवजी विशिष्ट व्यक्तीच्या विशिष्ट अडचणीला उत्तर मिळत असे. याच उत्तरांवरून 1934 मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली, तरी निकाल विरुद्ध गेला. 1953 मध्ये कर्व्यांच्या निधनानंतर मासिकही थांबले.

व्यक्तिभेदाचा हा धागा मानसशास्त्राने नंतर शास्त्रीय मापनाकडे नेला. हान्स आयझेंक यांनी 1976 मध्ये लैंगिकता आणि व्यक्तिमत्त्व यांच्या संबंधावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढे व्यक्तिमत्त्वाचे पाच प्रमुख स्वभावगुण मानण्याची पद्धत रूढ झाली: भावनिक अस्थिरता (म्हणजे चिंता, मत्सर, अपराधभावना लवकर जागी होण्याची प्रवृत्ती), बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यदक्षता, आणि नव्या अनुभवांविषयीचा खुलेपणा. यांपैकी भावनिक अस्थिरता आणि लैंगिक असमाधान यांचा संबंध सर्वांत सातत्याने आढळतो, आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नवविवाहितांवरील एका अमेरिकी अभ्यासाने असे दाखवले की या स्वभावगुणाचा वैवाहिक समाधानावर होणारा परिणाम काही अंशी लैंगिक समाधानाच्या मार्गानेच होतो. तरुण मोहनदासच्या संशयाचे आणि अपराधभावनेचे वर्णन वाचताना हा निष्कर्ष आठवल्याशिवाय राहत नाही, मात्र हयात नसलेल्या व्यक्तीवर मापनपट्टी लावून निदान करणे अप्रशस्त ठरेल.

या संशोधनाचा मोठा भाग पाश्चात्त्य देशांतील दांपत्यांवर आधारलेला आहे. विदर्भातील ज्या घरात सासूसासरे, दीर आणि मुले एका छताखाली राहतात, जेथे नवविवाहितेला मनातले बोलायला एकांतच मिळत नाही आणि मूल होण्याची अपेक्षा पहिल्या वर्षापासून व्यक्त होते, तेथे स्त्रीचे मौन तिच्या अंतर्मुख स्वभावातून आले की परिस्थितीतून, हे केवळ प्रश्नावलीने ठरत नाही. ते ठरवायचे तर पती आणि पत्नी या दोघांनाही स्वतंत्रपणे, परस्परांच्या आणि घरच्यांच्या अनुपस्थितीत, विचारावे लागते.